हवेची पेटी

कॉलेजचं फाटक बंद होतं. तीन वर्षांच्या नोकरीत हे मला नवीनच होतं, कारण तीन वर्षांत मी कधी वेळेआधी आलोच नव्हतो. उन्हाळ्यामुळं कॉलेज सकाळचं झालेलं, साडेसातला पहिला तास, आणि मी बरोबर साडेसातला स्कूटर फाटकाशी आणून लावलेली. फाटकाला कुलूप. विष्णुपुरीच्या माळावर चिटपाखरू नाही. धरणाच्या बाजूला एक डंपर तेवढा धूळ उडवत चाललेला. रखवालदार भीमा कडुनिंबाची काडी चावत खोलीतून बाहेर आला आणि माझं तोंड बघून घाबरला. "काय झालं सर? घरी समदं बरं हाय ना?" म्हटलं, "बरं आहे, कुलूप काढ, साडेसात झाले." त्यानं मनगट डोळ्याजवळ नेलं. "सात वाजून सहा मिन्टं. काल सांच्यालाच रेडिओवर लावलंय." माझं मनगटी घड्याळ आठवडाभर दुरुस्तीला पडलेलं होतं. मी घरातल्या भिंतीवरचं घड्याळ बघून निघालो होतो, सात दहाला. रस्ता वीस मिनिटांचा. म्हणजे घरातलं घड्याळ पुढं होतं. सहातून तीस जात नाहीत, तिसातून सहा गेले, राहिले चोवीस. मी स्कूटरच्या सीटवर बसलो. भीमानं विचारलं, "पाणी आणू का?" मी हो म्हणालो, आणि मग आठवलं की दुष्काळात दुसऱ्याच्या माठातलं पाणी असं सहज मागू नये, पण तोवर तो आत गेला होता.

चोवीस हा आकडा माझ्या डोक्यात सात महिन्यांपासून चपलेतल्या खड्यासारखा बसलेला. चालताना टोचायचा, थांबलो की गप्प. आणि आता तोच आकडा माझ्या स्वतःच्या घरातल्या भिंतीवर लटकत होता. मी स्वतःला समजावलं की योगायोग असेल, घड्याळं काय, मागंपुढं होतातच. पण हे घड्याळ गेल्या आठवड्यापर्यंत सरळ होतं. आणि गेल्या आठवड्यात घरात एकच गोष्ट नवीन झाली होती, ती म्हणजे अव्वा. लातूरला नळ आठ दिवसांतून एकदा येतो म्हणून आणि माझं लग्न जमत नाही म्हणून, अशी दोन कारणं घेऊन माझी आई चार दिवसांपूर्वी नांदेडला आली होती. मधले तीन दिवस सुट्टीचे, त्यामुळं घड्याळाकडे मी बघितलंच नव्हतं. भीमानं तांब्या आणला. पाणी पिताना माझं लक्ष तांब्याकडे नव्हतं, सदऱ्यावर सांडलं. "सर, तुमी बसा जरा सावलीत," भीमा म्हणाला, "लग्नाच्या वयात असं व्हतंय." त्याला काय माहीत, मी लग्नाचा नाही, अप्पांचा विचार करत होतो.

आता अप्पा म्हणजे माझे वडील, शिवमूर्ती गुंडप्पा, लातूरच्या गंज बाजारात धान्याचं दुकान, आणि घरात हवेची पेटी. पोलीस ॲक्शननंतर निजामाचा कुणी एक साहेब गाव सोडून गेला, त्याच्या सामानाचा लिलाव झाला. त्यात आजोबांनी पितळी घंगाळ घ्यायचं म्हणून हात वर केला आणि अंगावर आली ही पेटी. काचेचं कपाट, आत पितळेचं सिलिंडर, चावी दिली की दिवसातून एकदा फिरणारं, त्यावर गुंडाळलेला चौकटीचा कागद, आणि हवेच्या दाबानं वरखाली होणारा जांभळ्या शाईचा टाक. साध्या पेट्यांपेक्षा ही फार नाजूक. दार आदळलं तरी टाक दचकायचा. आजोबा तिच्यावर रुसले. अप्पा तिच्या प्रेमात पडले. रोज पहाटे लिंगपूजा, कपाळाला विभूती, मग बोटं धुऊन पेटी उघडायची, कालचा कागद काढायचा, आजचा लावायचा, सातला टाक टेकवायचा. पूजा संपून कागद बदलेपर्यंत मौन. लग्नाच्या दिवशीसुद्धा आधी कागद बदलला आणि मग बोहल्यावर चढले, असं अव्वा सांगते आणि हसते. विलायती कागद संपले तेव्हा त्यांनी गावातल्या छापखान्यातून तसलेच छापून घेतले, खाली 'लातूर, जि. उस्मानाबाद' असं. पुढं लातूर स्वतःच जिल्हा झाला. गावात मिरवणुका निघाल्या, गुलाल उडाला, आणि अप्पा त्या दिवशी घरात बसून उरलेल्या दोन हजार कागदांवरचं 'उस्मानाबाद' खोडून 'लातूर' लिहीत होते. मी सुट्टीला आलेलो. म्हटलं, "अप्पा, जेव्हाचे तेव्हा खोडा की." म्हणाले, "पंचू, शासनाचा हुकूम आजपासून हाय. चुकीचा कागद घरात ठेवायचा न्हाई." असा माणूस. आणि तीस-पस्तीस वर्षांत हे कागद कुणी मागायला आलं नाही. पावसाळ्यात गंजातले व्यापारी गमतीनं विचारायचे, अप्पाजी, तुमची पेटी काय म्हणते, तूर धरून ठेवू का विकू? अप्पा म्हणायचे, "पेटी काय म्हणत न्हाई. पेटी ऐकते." व्यापारी हसायचे. मी लहान होतो, मला त्या हसण्याची लाज वाटायची, आणि खरं सांगायचं तर अप्पांचीही थोडी वाटायची. ती लाज अजून कुठंतरी तशीच आहे. माझ्या कामाच्या मुळाशीही बहुधा तीच आहे.

काम असं. पृथ्वीवर कुठं मोठा ज्वालामुखी फुटला की हवेला धक्का बसतो, आणि त्या धक्क्याची लाट साऱ्या पृथ्वीवर पसरते. कानाला ऐकू येत नाही, अंगाला लागत नाही, पण ताशी अकराशे किलोमीटरच्या आसपास ती चाललेली असते, आणि नाजूक पेटी असली तर तिच्या टाकाला कळतं. ही लाट कुठं किती वाजता पोचेल याचं गणित मी संगणकावर मांडत होतो. हवेचे थर करायचे, प्रत्येक थराचं तापमान घालायचं, वारे घालायचे, पृथ्वीवर पट्टे पाडायचे आणि मग सोडायची लाट. ऐंशी सालच्या मे महिन्यात अमेरिकेत सेंट हेलेन्स नावाचा डोंगर फुटला, आपल्याकडे रविवारची रात्र, नऊ वाजून दोन मिनिटं. त्यावर मी काम सुरू केलं आणि दिवाळीत लातूरला गेलो असताना सहज अप्पांना विचारलं, ऐंशीच्या मेचे कागद आहेत का? अप्पांनी मिनिटभर माझ्याकडे बघितलं. तीस वर्षं ज्या गिऱ्हाइकाची वाट बघितली ते पोटच्या पोरानंच यावं, असं काहीतरी त्या बघण्यात होतं. मग शिडी लावली, माळ्यावरून गठ्ठा काढला, धूळ झटकली, कागद काढला. एकोणीस मे, सोमवार. आणि सकाळच्या नऊच्या अलीकडे, सरळ चाललेल्या जांभळ्या रेघेत, एक बारीकसा उंचवटा, मग खळगा, मग पुन्हा उंचवटा. नखाएवढाही नाही. साडेबारा हजार किलोमीटरवरचा डोंगर ध्रुवाजवळच्या बर्फावरून, सैबेरियावरून, हिमालय ओलांडून आमच्या माजघरात येऊन गेला होता, आणि अव्वा तेव्हा बहुतेक भाकरी थापत होती. अप्पांना सांगितलं तर ते म्हणाले, "मला वाटलं मांजर गेलं का काय पेटीवरून." दुसऱ्या दिवशी साऱ्या गंजाला माहीत झालं होतं की आमची पेटी छापून येणार.

आणि मग तो खडा. माझं गणित म्हणत होतं, लाट लातूरला आठ वीसला आली पाहिजे. अप्पांचा कागद म्हणत होता, आठ चव्वेचाळीस. जपानचे, युरोपचे छापील आकडे घेतले, तिथं माझं गणित मिनिटा-दोन मिनिटांत जुळायचं. लातूर तेवढं चोवीस मिनिटं उशिरा. सात महिने मी त्या चोवीस मिनिटांच्या मागं धावलो. हिमालयावर लाट अडखळत असेल म्हणून डोंगर उंच केले. सैबेरियाची हवा थंड केली, इतकी थंड की तिथं कुणी जगलं नसतं. लातूर गाठायला जावं तर जपान हातचा सुटायचा. मध्येच एका रविवारी डोक्यात आलं की अप्पा जुन्या, सूर्याच्या वेळेनं चालत असतील. लातूरचा सूर्य सरकारी घड्याळाच्या बरोबर चोवीस मिनिटं मागं असतो. मी आनंदानं ओरडलोच. मग हिशोब केला तर चूक उलट्या बाजूला निघाली, चोवीस जायच्या जागी अठ्ठेचाळीस होत होते. त्या दिवशी मी जेवलो नाही. शेवटी पुण्याच्या एका मोठ्या प्राध्यापकांना सारं पाठवलं. त्यांचं पत्र आलं, सभ्य आणि छोटं. गणित उत्तम आहे, छापण्याजोगं आहे. लातूरची नोंद मात्र एका खाजगी गृहस्थाच्या घरची, वेळेचा भरवसा नाही, ती गाळावी आणि महिनाअखेर लेख पाठवावा. गाळावी. महिना संपायला नऊ दिवस होते. लेखाच्या पहिल्या पानावर मी अप्पांचं नाव टाइप केलेलं, 'निरीक्षण: श्री. शिवमूर्ती गुंडप्पा, लातूर', आणि त्याची एक कार्बन प्रत त्यांच्याकडे होती, दुकानाच्या गल्ल्यात, शंभराच्या नोटांच्या खाली. माझं गणित खरं तर अप्पा खोटे, अप्पा खरे तर माझं गणित खोटं. दोघांपैकी एकाला पुसायचं होतं आणि रबर माझ्या हातात होतं.

साडेसात वाजले, फाटक उघडलं, पोरं आली. पहिला तास मी काय शिकवला ते पोरांनाही माहीत नाही. तास सुटल्यावर संगणकाच्या खोलीकडे गेलो. बाहेर चपलांचा ढीग. आमच्या कॉलेजात वातानुकूलित खोली ही एकच, आणि या उन्हाळ्यात सगळ्यांनाच संगणकाची गोडी लागलेली. मराठीचे अंशकालीन सरसुद्धा काल 'जरा बघू काय असतं ते' म्हणून तासभर डोळे मिटून बघत बसले होते. खोलीचा कारभारी श्रीमंत, नावाचाच. रोज सकाळी यंत्राला उदबत्ती ओवाळतो आणि धूर आत जाऊ नये म्हणून लगेच झाकण घालतो. "सर, आज पुन्हा लातूर का?" त्यानं विचारलं. साऱ्या कॉलेजला माझं दुखणं माहीत. म्हटलं, "श्रीमंत, आज डोंगर राहू दे. आज नुसती हवा." मला एक गोष्ट सकाळपासून सुचली होती आणि ती तपासायची भीती वाटत होती. हवेला भरती-ओहोटी असते. रोज सकाळी दहाच्या सुमाराला दाब चढतो, दुपारी उतरतो, पुन्हा चढतो. लाटबिट नसली, पाऊस नसला, तरी ती रोज असा श्वास घेतेच, आणि तिला कुणाचं घड्याळ विचारावं लागत नाही. अप्पांच्या कागदांत तो श्वास रोज उमटलेला. दिवाळीत आणलेले जुने गठ्ठे माझ्याकडेच होते. सत्तर सालचा मे महिना काढला, एकतीस कागद. ऐंशीचा काढला, एकतीस. श्रीमंत वाचत गेला, मी आकडे टाकत गेलो, चौकटीगणिक. तो मध्ये म्हणाला, "अप्पांचं अक्षर मोत्यावानी हाय सर." मी नुसता हुंकार दिला. दुपारी बारापर्यंत बोटं दुखली. मग दोन्हींची सरासरी काढायला सांगितली आणि यंत्र गुरगुरत बसलं. अर्धा तास आम्ही दोघं तिथल्या थंडीत बसून होतो. मला लहानपणी पेटीसमोर बसायचो ते आठवत होतं. अप्पा म्हणायचे, नुसतं बघ, हात लावायचा न्हाई, आणि मी तासतास टाकाकडे बघत राहायचो आणि तो हलायचा नाही, आणि मी उठलो की हललेला असायचा.

आकडे उमटले. सत्तर साली हवेचा श्वास जिथं असायला पाहिजे तिथं होता. ऐंशी साली तो उशिरा होता. तेवीस मिनिटं आणि काही सेकंद. मध्ये कधीतरी कुणीतरी वेळ सरकवली होती, आणि हवा बिचारी रोज साक्ष देत होती आणि कुणी विचारत नव्हतं. मला हसू फुटलं, ते थांबेना. श्रीमंत घाबरून म्हणाला, "बंद करू का सर मशीन?" आणि मग ते आपोआपच थांबलं. कारण आता अप्पांना सांगायला लागणार होतं. एक मिनिट इकडंतिकडं न्हाई, हे ज्यांचं सारं आयुष्य, त्यांच्या कितीतरी वर्षांच्या प्रत्येक कागदावरची वेळ चुकीची होती. आणि ते चिडले की बोलत नाहीत. आजोबा त्यांना एकदा पेटीवरून वाईट बोलले, तर चाळीस दिवस घरात मौन धरलं होतं. गिऱ्हाइकांना बोटांनी भाव सांगायचे.

घरी आलो तर अव्वा माठाला ओलं फडकं गुंडाळत होती. मी चपला न काढताच विचारलं, "अव्वा, घड्याळाला हात लावलास?" ती सहज म्हणाली, "लावला की. तू रोज उशिरा जाऊन राहिलास म्हणं. शेजारीन सांगत होती. मास्तर मानसाला शोभत न्हाई." "किती पुढं केलंस?" "एक घटका." "घटका म्हणजे?" "आता तुला बी शिकवू का? एवढा मोठा इंजनेर. चोवीस मिन्टं. माझे वडील मठात पंचांग वाचायचे मुखेडला, त्यांनी शिकविलेलं. काट्याला पाच घरं चालवायची अन एक मिन्टं मागं घ्यायचं. अर्धा तास केलं की मानसाला कळतं, पाव तासानं भागत न्हाई. घटका बेस." मी खुर्चीत बसलो. "आणि लातूरच्या घड्याळाला?" आता मात्र तिचा हात थांबला. फडक्यातून पाणी ठिबकत होतं, तिनं ते पिळून माठाशेजारच्या वाटीत धरलं, एक थेंब वाया न जाऊ देता, आणि मग म्हणाली, "तुला कुनी सांगितलं?" म्हटलं, "हवेनं." ती म्हणाली, "चेष्टा नको." मग सारं सांगितलं.

बहात्तरचा दुष्काळ. आमच्या गल्लीच्या तोंडाला एकच नळ, सातला यायचा, पाव तास. अप्पा घड्याळात सहा वाजले की पूजेला बसायचे, आणि त्या वर्षी पाऊस नाही म्हणून जप वाढवलेला, उठायला सव्वासात. मी तेव्हा शिकायला मामाकडे. "घागरी मी भरीन, पर उचलून आनायला मानूस लागतं. अन पूजेतल्या मानसाला हाक मारायची न्हाई. मग म्हटलं, मानसाला न्हाई तर काट्याला सांगावं." घड्याळ माजघरात, रेडिओ दुकानात, अप्पांच्या मनगटावर कधी घड्याळ नाही. एक घटका पुढं केलं, अप्पा एक घटका आधी बसले, एक घटका आधी उठले, घागरी घरात आल्या. दुष्काळ सरला, पण तोवर दुकानही वेळेवर उघडायला लागलेलं. "मग म्हटलं ऱ्हाऊ द्यावं. घड्याळ दुरुस्तीला गेलं, आलं की पुन्हा घटकाभर सारायचं. चौदा वर्सं झाली." मला एकदम लख्ख आठवलं. चौदा वर्षं अप्पा सांगत आले की या गावात सगळं उशिरा चालतं. एसटी उशिरा, शाळेची घंटा उशिरा, तेलगिरणीचा भोंगा तर पक्का वीस-पंचवीस मिनिटं उशिरा. लातूर जिल्हा झाला तेव्हा नव्या कलेक्टरांना त्यांनी पहिला अर्ज दिला तो भोंग्याचा: आता हे जिल्ह्याचं ठिकाण आहे, तरी भोंगा वेळेवर वाजविण्याची व्यवस्था व्हावी. मी पुन्हा हसायला लागलो. अव्वा हसली नाही. तिला हवेची लाट, डोंगर, पुण्याचं पत्र, सारं समजावून सांगितलं. तिनं शांतपणे ऐकलं आणि विचारलं, "म्हंजी ह्यांचं नाव माझ्यापाई कटनार?" म्हटलं, "तू सांगितलंस तर नाही कटणार. किती पुढं होतं हे माहीत असलं की वेळ भरवशाची होते. पण लेखात ते लिहावं लागेल. अप्पांना कळेल." ती उठली, पदर खोचला. "उद्या पहिल्या गाडीनं चल. मीच सांगते. तू मधी बोलू नको."

पहिली गाडी रिकामी होती. दुष्काळात माणसं प्रवाससुद्धा कमी करतात की काय कोण जाणे. लोहा गेलं, अहमदपूर गेलं, दोन्ही बाजूंना काळी भेगाळलेली रानं, कुठंकुठं खडी फोडणाऱ्या बायांच्या रांगा. अव्वा खिडकीशी बसून काहीतरी पुटपुटत होती. मला वाटलं जप असेल. कान दिला तर ती वाक्यं जुळवत होती. "अवो, एक सांगायचं हाय." मग थोडं थांबून, "अवो, तुमी रागावनार न्हाईत तर." मग, "अवो, ते घड्याळ." तिच्या पस्तीस वर्षांच्या संसारात मी तिला घाबरलेलं कधी बघितलं नव्हतं, सासूला नाही, दुष्काळाला नाही. चाकूरला गाडी थांबली तेव्हा म्हणाली, "त्यांनी मौन धरलं तर मी काय करू रे? ह्या वयात चाळीस दिस न्हाई निघायचे." मी तिचा हात धरला. माझ्या गणितात हवेचे एकोणीस थर होते, आणि या दोन माणसांमधल्या हवेचा एकही थर मला ठाऊक नव्हता. मला मनापासून वाटलं की गाडी पंक्चर व्हावी. झाली नाही. लातूर वेळेवर आलं.

अप्पा माजघरात होते. मला बघून उजळले, म्हणाले, "छापलं?" अव्वा उभ्याउभ्याच म्हणाली, जुळवलेलं सारं विसरून, "तुमचं घड्याळ मी बहात्तरपासून घटकाभर पुढं ठिवलंय. नळासाठी." अप्पांनी आधी तिच्याकडे बघितलं, मग माझ्याकडे. मी मान हलवली. ते उठले, घड्याळापाशी गेले, बराच वेळ त्याच्या तोंडाकडे बघत उभे राहिले. मग पेटीपाशी गेले, काचेवर हात ठेवला. मला वाटलं, संपलं. मी न राहवून बॅगेतले दोन आलेख काढले आणि त्यांच्यासमोर जमिनीवर अंथरले, सत्तरचा आणि ऐंशीचा, आणि सांगितलं की हवेची चाल कशी दिसते, दोन्हींत रेघ तीच आहे, तेवढीच स्वच्छ, एक दिवस चुकलेला नाही, फक्त सगळी मिळून सरकलेली आहे. अप्पा उकिडवे बसले. बोटानं रेघ धरून चालत गेले, मोत्यासारखं अक्षर काढणारं ते बोट. शेवटी विचारलं, "सारखीच सरकलीय? रोज?" "रोज." "हिचा हात एवढा सारखा?" "हो. मिनिटभराचाही फरक नाही." ते अव्वाकडे वळले. "तू कशी काय मोजत व्हतीस?" ती म्हणाली, "पाच घरं, अन एक मागं." अप्पांच्या खांद्यांना हिसका बसला. मला वाटलं रडतायत. ते हसत होते. आवाज न करता, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. "त्या भोंगेवाल्याची माफी मागावी लागंल," ते म्हणाले, "लई बोललोय मी त्याला."

मग त्यांनी दुकानात जाऊन ती कार्बन प्रत आणली, घडी उलगडली, टाक मागितला. स्वतःचं नाव काढून टाकणार, असं मला वाटलं, आणि मी म्हणालो, "अप्पा, खोडू नका." ते म्हणाले, "कोन खोडतंय?" आपल्या नावाच्या पुढं, जागा नव्हती तरी दाटीवाटीनं, जांभळ्या शाईत त्यांनी लिहिलं: 'व सौ. उमाबाई'. "हवा मी बघितली," म्हणाले, "वेळ हिची हाय. दोघांचं घाल." अव्वा म्हणाली, "माझं कशाला, लोक हसतेत." आणि पदरानं तोंड पुसत घड्याळाकडे निघाली. "आता काढते बाई ती घटका. लई दिस झालं." तिचा हात काट्यापर्यंत पोचला होता. "उमा, हात लावू नको," अप्पा एवढ्या मोठ्यानं ओरडले की पेटीतला टाक हलला. मी त्यांना तिच्या नावानं हाक मारताना पहिल्यांदाच ऐकलं. "चौदा वर्सं एका चालीनं आलंय. मधीच मोडलं तर पुढच्या मानसाला कळनार न्हाई." अव्वा हात तसाच वर धरून उभी राहिली. "पर आता तुम्हाला म्हाईत झालं. आता तुमी घटकाभर उशिराच बसनार पूजेला. मग?" अप्पांनी थोडा विचार केला. "बसीन बी," ते म्हणाले. "तवा तू अजून एक घटका पुढं कर. फक्त त्या दिवशी कागदावर लिहून ठेव."